जुने शुद्धिपत्र, नवी संहिता : कर्नेलमधील वीज-व्यवस्थापनाच्या कालबाह्य पॅचचा विचार

१. प्रास्ताविक

मुद्रित ग्रंथाच्या अखेरीस शुद्धिपत्र जोडण्याची पद्धत मराठी वाचकांस परिचित आहे. अमुक पृष्ठावरील अमुक ओळीत अमुक शब्दाऐवजी अमुक शब्द वाचावा, एवढेच त्यात सांगितलेले असते. शुद्धिपत्र हे स्वतंत्रपणे वाचावयाचे लेखन नव्हे. ग्रंथाच्या ज्या आवृत्तीसाठी ते तयार झाले, ती आवृत्ती समोर असेल तरच त्याला अर्थ येतो. पहिल्या आवृत्तीचे शुद्धिपत्र तिसऱ्या आवृत्तीस लावू पाहणाऱ्याची फसगत दोन प्रकारे होते. सांगितलेल्या ठिकाणी सांगितलेला शब्द सापडत नाही, हा पहिला प्रकार. दुसरा अधिक अवघड आहे : शब्द सापडतो, दुरुस्तीही करता येते, परंतु मधल्या काळात ग्रंथकाराने तो परिच्छेद निराळ्या आशयाने लिहिलेला असल्यामुळे मुळात शुद्ध असलेले वाक्य दुरुस्तीनंतर अशुद्ध होऊन बसते.

संगणकाच्या संचालनप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याची देखभाल करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न नित्य उभा राहतो. तेथील शुद्धिपत्रास पॅच हे नाव आहे. एखादा पॅच लिहिला जातो, काही कारणाने मूळ संहितेत समाविष्ट होत नाही, आणि काही वर्षांनी नव्या आवृत्तीस लावण्याची वेळ येते. उपकरणांच्या वीज-व्यवस्थापनाच्या क्षेत्रात हा प्रसंग विशेष नाजूक असतो. कारण तेथील चूक बहुधा बोलत नाही. यंत्र चालू राहते, उत्तरे बरोबर येतात, केवळ विजेरी लवकर संपते किंवा झोपी गेलेले यंत्र एखादे दिवशी जागे होत नाही. असा कालबाह्य पॅच नव्या संहितेस लावताना नेमके काय जुळवावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नेलच्या आधारे केला आहे.

२. पॅचचे स्वरूप

पॅच या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळ. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर व पत्रांवर जेव्हा कार्यक्रम लिहिले जात, तेव्हा चुकीचे छिद्र खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवून बुजविले जाई. आज नाव तेच राहिले असले तरी वस्तू बदलली आहे. आजचा पॅच हा तुकडा नसून तुकडा कोठे व कसा लावावा याचे निवेदन आहे, आणि म्हणून ठिगळापेक्षा शुद्धिपत्राशीच त्याचे साम्य अधिक आहे.

दोन पाठांतील फरक यांत्रिक रीतीने काढणारा डिफ हा कार्यक्रम १९७४ साली बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीबरोबर प्रसृत झाला. तो फरक दुसऱ्या प्रतीस लावणारा पॅच नावाचा कार्यक्रम लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला. आज रूढ असलेली एकत्रित मांडणी १९९० सालची आहे. या मांडणीत प्रत्येक खंडाच्या आरंभी ओळींचे क्रमांक असतात. काढावयाच्या ओळींस वजाचे व घालावयाच्या ओळींस अधिकाचे चिन्ह असते. आणि बदलाच्या आधीच्या व नंतरच्या प्रत्येकी तीन ओळी जशाच्या तशा दिलेल्या असतात. या संदर्भ-ओळी हेच या मांडणीचे मर्म होय. ओळींचे क्रमांक ढळले तरी आजूबाजूचा मजकूर ओळखून जागा शोधता यावी, हा त्यांचा हेतू.

पॅच कार्यक्रम प्रथम सांगितलेल्या क्रमांकावर पाहतो. तेथे मजकूर न जुळल्यास पुढेमागे सरकून शोधतो. तरीही न जुळल्यास संदर्भाची कडेची एक, आणि मग दोन ओळी दुर्लक्षून पुन्हा प्रयत्न करतो. एवढ्यानेही जागा न सापडल्यास तो खंड नाकारून वेगळ्या फाइलीत ठेवतो. लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी २००५ साली रचलेली गिट ही व्यवस्था अधिक कडक आहे. संदर्भ-ओळी पूर्ण जुळल्यावाचून ती पॅच स्वीकारीत नाही. मात्र पॅचमध्ये नोंदलेल्या खुणेवरून जुनी मूळ फाइल हाती लागल्यास जुना पाठ, पॅचकाराचा पाठ आणि आजचा पाठ अशा तिन्हींची तुलना करून ती मेळ घालू पाहते.

या सर्व युक्त्यांत एक गोष्ट समान आहे. त्या अक्षरांची तुलना करतात. ओळ तीच आहे काय, एवढे त्यांस कळते. ओळीचा अर्थ तोच राहिला आहे काय, हे कळण्याचे साधन त्यांजपाशी नाही. म्हणून 'पॅच लागला' या विधानाचा अर्थ 'पॅच बरोबर आहे' असा कधीही करता येत नाही.

३. वीज-व्यवस्थापनाची बदलती परिभाषा

लिनक्स कर्नेलची नवी आवृत्ती साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनी निघते. वापरकर्त्याच्या कार्यक्रमांशी असलेला त्याचा व्यवहार बदलू नये याविषयी कर्नेलकार फार जागरूक असतात. परंतु कर्नेलच्या अंतर्भागातील संकेत स्थिर ठेवण्याचे बंधन त्यांनी बुद्धिपुरस्सर नाकारले आहे. संकेत बदलला की संहितेत असलेले सर्व ड्रायव्हर त्याच वेळी बदलले जातात. जो ड्रायव्हर किंवा पॅच संहितेबाहेर आहे, त्याची वार्ता घेण्यास मात्र कोणी नसते. पॅच कालबाह्य होतो तो जुना झाल्यामुळे नव्हे. ज्या सामुदायिक दुरुस्त्यांत त्याचाही वाटा असावयास हवा होता, त्या त्याच्या अपरोक्ष झाल्यामुळे होतो.

वीज-व्यवस्थापनात अशा दुरुस्त्या अनेक झाल्या. जुन्या व्यवस्थेत ड्रायव्हरजवळ दोनच फंक्शने असत : एक उपकरण निजविण्याचे व दुसरे जागे करण्याचे. निद्रा कोणत्या प्रकारची, हे सोबतच्या एका संदेशावरून ओळखावे लागे. २००८-०९ च्या सुमारास या दोहोंच्या जागी फंक्शनांची एक स्वतंत्र सारणी आली. आज या सारणीत २३ स्थाने आहेत. स्मृतीत निद्रा, तबकडीवर स्मृती उतरवून घेतलेली दीर्घनिद्रा, तिचे निरनिराळे टप्पे, यांपैकी प्रत्येकास स्वतःचे नाव आहे. जे पूर्वी एका क्रियापदाला विशेषण जोडून सांगितले जाई, त्यासाठी स्वतंत्र क्रियापदे घडविली गेली, असे म्हणता येईल.

डिसेंबर २००९ मध्ये निघालेल्या २.६.३२ या आवृत्तीत आणखी एक महत्त्वाची भर पडली. संपूर्ण यंत्र जागे असतानाही जे उपकरण त्या क्षणी वापरात नाही, त्याची वीज तोडण्याची व्यवस्था तीत आली. रफाल विसोत्स्की यांनी सिद्ध केलेल्या या व्यवस्थेस रनटाइम वीज-व्यवस्थापन असे म्हणतात. ती कर्नेलमध्ये घ्यावी की नाही हे कॉन्फिग-पीएम-रनटाइम या निवड-चिन्हाने ठरे. पुढे यंत्राच्या निद्रेची व्यवस्था निवडल्यास ही व्यवस्थाही आपोआप निवडली जावी असे ठरले, आणि त्यामुळे हे चिन्ह व कॉन्फिग-पीएम हे व्यापक चिन्ह समानार्थी झाले. दोन समानार्थी चिन्हांपैकी एक अनावश्यक म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये निघालेल्या ३.१९ या आवृत्तीपासून कॉन्फिग-पीएम-रनटाइम हे चिन्ह काढून टाकण्यात आले. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही घटना कळीची आहे.

४. एक उदाहरण

उष्णतामान मोजणाऱ्या एका संवेदकाचा ड्रायव्हर घ्यावा. उदाहरण कल्पित आहे. त्यातील अडचणी मात्र खऱ्या आहेत. २०१३ साली निघालेल्या ३.१० या आवृत्तीसाठी कोणी एक पॅच लिहिला. संवेदकाचे वाचन चालू नसताना त्याचा वीजपुरवठा बंद करावा, हा त्याचा उद्देश. पॅचमध्ये वीज तोडणारे व जोडणारे अशी दोन फंक्शने आहेत, त्यांची सारणीत नोंद आहे, आणि प्रत्येक वाचनाच्या आधी उपकरण 'घेतले' व नंतर 'सोडले' असे सांगणाऱ्या ओळी आहेत. हा पॅच २०२३ साली निघालेल्या ६.६ या आवृत्तीस लावावयाचा आहे.

पहिली अडचण स्थानाची. ड्रायव्हरच्या आरंभीच्या ओळी बदलल्या आहेत, एका फंक्शनाचे नाव निराळे झाले आहे, म्हणून एक खंड नाकारला जातो. हा सर्वांत निरुपद्रवी प्रकार. कारण यंत्रच तक्रार करते आणि मनुष्यास लक्ष घालावे लागते.

दुसरी अडचण नावाची. पॅचकाराने आपली फंक्शने त्या काळच्या रीतीप्रमाणे 'कॉन्फिग-पीएम-रनटाइम हे चिन्ह असेल तर' अशा अटीत बसविली आहेत. हे चिन्ह ६.६ मध्ये अस्तित्वात नाही. आता पूर्वसंस्कारक, म्हणजे अशा अटी सोडविणारा कंपाइलरचा भाग, अज्ञात चिन्हाविषयी काहीही बोलत नाही. ज्याची व्याख्या नाही ते चिन्ह त्याच्या लेखी केवळ 'नाही' असते. कोशात नसलेला शब्द आणि नकारार्थी शब्द यांत तो भेद करीत नाही.

येथे पॅचच्या रचनेप्रमाणे दोन फाटे फुटतात. पॅचकाराने फंक्शने अटीत घातली, पण सारणीतील नोंद अटीबाहेर ठेवली असेल, तर सारणी नसलेल्या फंक्शनांची नावे घेते आणि कंपाइलर चूक दाखवितो. परंतु नोंदही त्याच अटीत घातली असेल आणि 'अन्यथा सारणी रिकामी समजावी' अशी तरतूद केली असेल, म्हणजेच पॅचकार अधिक काळजीपूर्वक लिहिणारा असेल, तर सर्व काही निमूटपणे पार पडते. पॅच लागतो, संहिता कंपाइल होते, संवेदक अचूक उष्णतामान सांगतो. 'घेतले' व 'सोडले' यांची मोजदादही बिनचूक चालते. केवळ वीज तोडणारे फंक्शन कर्नेलमध्ये नसते, आणि ड्रायव्हर सुरू होताना एकदा जोडलेली वीज पुन्हा तोडली जात नाही. ज्या एका कार्यासाठी पॅच लिहिला गेला, तेवढेच कार्य त्यातून गळून पडते.

तिसरी अडचण अर्थाची, आणि ती मुळातच पॅचमध्ये दडलेली होती. वाचनापूर्वी उपकरण घेण्यासाठी पॅचकाराने पीएम-रनटाइम-गेट-सिंक हे फंक्शन वापरले आहे, आणि ते अयशस्वी झाल्यास तेथूनच परत फिरण्याची आज्ञा दिली आहे. नावावरून कोणासही वाटेल की घेणे साधले नाही तर काहीच घेतले गेले नाही. वस्तुतः हे फंक्शन अयशस्वी झाले तरी वापराचा गणक एकाने वाढवून ठेवते. तो कमी न करता परतल्यास गणक शून्यावर कधीच येत नाही आणि उपकरण पुन्हा कधी निजत नाही. ही चूक इतक्या ड्रायव्हरांत झाली की २०२० च्या अखेरीस पीएम-रनटाइम-रिझ्यूम-अँड-गेट हे नवे फंक्शन घालण्यात आले; ते अयशस्वी झाल्यास गणक आपोआप पूर्ववत होतो. जुना पॅच नव्या संहितेत नेताना जुना दोषही निष्ठेने नेणे, हे काही प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे.

५. अर्धवट रूपांतराचा धोका

नावे बदलणे तुलनेने सोपे. जबाबदारीची वाटणी बदलली असेल तर काम अधिक कठीण होते. पीसीआय या जोडणीवरील उपकरणांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. जुन्या रीतीत उपकरण निजविताना ड्रायव्हरने दोन कामे स्वतः करावयाची असत : उपकरणाची स्थिती जतन करणे आणि त्यास कमी विजेच्या अवस्थेत नेणे. नव्या सारणीबरोबर ही दोन्ही कामे पीसीआयचा सामाईक भाग आपणहून करू लागला. म्हणून नव्या रीतीच्या ड्रायव्हरमध्ये ती बहुधा लिहावीच लागत नाहीत.

जुना पॅच रूपांतरित करणाऱ्यास हे ठाऊक आहे, पण अर्धेच ठाऊक आहे, असे समजू. अवस्था बदलण्याची ओळ तो अनावश्यक म्हणून काढतो. स्थिती जतन करण्याची ओळ मात्र, असली तर काय बिघडले, अशा विचाराने ठेवतो. वस्तुतः येथेच बिघडते. ड्रायव्हरने स्थिती स्वतः जतन केली आहे असे दिसताच सामाईक भाग असा अर्थ घेतो की, हा ड्रायव्हर वीज-अवस्थाही स्वतःच सांभाळू इच्छितो. आणि तो आपला हात आखडता घेतो. परिणामी अवस्था ड्रायव्हरही बदलीत नाही व सामाईक भागही बदलीत नाही. यंत्र निजते, उपकरण मात्र पूर्ण विजेवर जागे राहते.

जुन्या व्यवस्थेत जी ओळ निव्वळ क्रिया होती, ती नव्या व्यवस्थेत क्रियेबरोबर सूचनाही झाली आहे. भाषेच्या अभ्यासकास हा प्रकार अपरिचित नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या ठिकाणी एकट्याने राहत नसतो; भोवतीचे इतर शब्द कोणती जागा व्यापतात यावर तो ठरतो, आणि शेजारचे शब्द बदलले की स्वतः न बदललेल्या शब्दाचाही अर्थ सरकतो.

जबाबदारीच्या वाटणीतील गोंधळाचे उलट टोकही आढळते. पॅचचे कार्य मधल्या काळात दुसऱ्या कोणी निराळ्या शब्दांत संहितेत आणलेले असते, आणि जुना पॅच त्यावर लावल्यास तेच काम दोनदा होते. वीजपुरवठा दोनदा तोडला गेल्यास कर्नेल निदान असमतोलाचा इशारा देतो. इतरत्र तेवढाही आधार असेलच असे नाही.

६. निरसनाची पद्धत

वरील विवेचनावरून कालबाह्य पॅच हाताळण्याचा क्रम निश्चित करता येतो. संदर्भ-ओळी बसवून घेणे हे त्यात अगदी शेवटचे काम होय.

प्रथम पॅच कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला गेला ते शोधून त्या आवृत्तीवर तो लावून पाहावा. तेथे तो तंतोतंत लागला पाहिजे. मूळ आधार हाती आल्यावाचून पॅचकाराने काय बदलले आणि काळाने काय बदलले, हे वेगळे करता येत नाही.

दुसरे, पॅचबरोबरचे निवेदन वाचावे. बदल का केला हे पॅचच्या ओळी सांगत नाहीत. ते केवळ निवेदनात असते. पॅचकार बहुधा दूर असतो, पुष्कळदा दुसऱ्या कामास लागलेला असतो, आणि त्याच्या हेतूचा हाच एक साक्षीदार उरतो. हेतू एका वाक्यात मांडता आला नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

तिसरे, तो हेतू आजच्या संहितेत आधीच सिद्ध झाला आहे काय ते पाहावे. गिटमध्ये प्रत्येक ओळीचा इतिहास उपलब्ध असल्यामुळे एखादे चिन्ह केव्हा व कोणत्या कारणाने गेले हे काढता येते. हेतू सिद्ध झालेला आढळल्यास पॅच टाकून देणे हेच त्याचे खरे निरसन होय.

चौथे, पॅचमधील प्रत्येक नाव आजच्या संहितेत आहे काय, आणि असल्यास त्याची आजची व्याख्या काय, हे एकेक करून तपासावे. अस्तित्वात नसलेली निवड-चिन्हे हुडकून काढणारा एक लहान कार्यक्रम कर्नेलच्या संहितेबरोबरच मिळतो. कॉन्फिग-पीएम-रनटाइमसारखा मूक दोष त्याने उघड होतो.

त्यानंतरच पॅच नव्याने लिहावा. मार्च २०२२ मध्ये निघालेल्या ५.१७ या आवृत्तीपासून वीज-व्यवस्थापनाची फंक्शने अटीत न घालता मोकळी लिहावी आणि सारणीचा उल्लेख पीएम-पीटीआर या साधनाने करावा, अशी रीत पडली आहे. कंपाइलर ती फंक्शने प्रत्येक वेळी वाचतो आणि निरुपयोगी असल्यास स्वतःच वगळतो. या रीतीचा लाभ टापटिपीपुरता नाही. चुकीचे किंवा लुप्त झालेले नाव आता कंपाइलरच्या दृष्टीस पडते. पूर्वी जो दोष मूक होता, तो बोलका होतो.

अखेर परीक्षा. कॉन्फिग-पीएम असताना व नसताना, अशा दोन्ही रीतींनी संहिता कंपाइल करावी. उपकरणाची रनटाइम अवस्था कर्नेल एका फाइलीतून दाखवितो. वाचन थांबल्यावर तेथे 'निलंबित' असा अर्थ देणारा शब्द आला पाहिजे. तथापि वरील उदाहरणातील रिकामी सारणी लक्षात घेता या शब्दावरही पूर्ण विसंबू नये. गणकाच्या दृष्टीने उपकरण निजलेले आणि वस्तुतः वीज चालू, असे घडू शकते. शक्य तेथे प्रत्यक्ष वीज मोजावी. संपूर्ण यंत्राच्या निद्रेसाठी कर्नेलमध्ये टप्प्याटप्प्याने चाचणी करण्याची सोय आहे. तिच्या साहाय्याने यंत्र खरोखर न निजविता केवळ उपकरणांपर्यंतचा टप्पा तपासता येतो.

या कामास एक नैतिक अंगही आहे. नव्याने लिहिलेल्या पॅचवर मूळ पॅचकाराचे नाव राहते. पण त्यात जे बदलले ते त्याने लिहिलेले नाही, आणि त्यातील चुकीचा दोष त्याच्या माथी येऊ नये. २००४ पासून लिनक्समध्ये पॅच पुढे पाठविणारा प्रत्येक जण त्याखाली आपल्या नावाची ओळ घालतो; आणि मध्ये काही बदल केला असल्यास चौकटी कंसात आपले नाव व बदलाचे स्वरूप थोडक्यात नमूद करण्याचा प्रघात आहे. जुन्या ग्रंथाचा संपादक आपली भर कंसात दाखवितो, त्यामागे जी निष्ठा असते तीच येथेही आहे.

७. समारोप

कालबाह्य पॅचचे निरसन हे लेखनिकाचे काम समजले जाते, आणि म्हणून पुष्कळदा नवख्याकडे सोपविले जाते. नाकारलेला खंड हाताने योग्य जागी बसविला, संहिता कंपाइल झाली, की काम संपले अशी समजूत असते. वर पाहिल्याप्रमाणे नाकारलेला खंड ही सर्वांत लहान अडचण होय. मनुष्याने खरोखर पाहावयाचे असते ते निमूटपणे स्वीकारल्या गेलेल्या खंडांकडे. त्यातील प्रत्येक शब्द आजच्या संहितेत काय म्हणतो, हे विचारल्यावाचून त्या पॅचवर आपल्या नावाची ओळ कोणी घालू नये.